आजारी मुलांच्या वॉर्डात काम करताना मनोविकारतज्ज्ञाकडे कोणती कौशल्ये हवीत?

प्रश्न – निवासी डॉक्टर, मनोविकारशास्त्र विभाग

नमस्कार. मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असून सध्या बालरोग विभागातून येणारे रेफरन्स पाहतो. ओपीडीत येणारे मूल चालत-बोलत येते आणि त्याच्याशी निवांत बोलता येते. वॉर्डात मात्र मूल वेदनेत किंवा गुंगीत असते, पालक दमलेले असतात आणि केसपेपरवर बहुधा ‘उपचारांना सहकार्य करत नाही, मत द्यावे’ एवढेच लिहिलेले असते.

सध्या मला दोन मुलांबद्दल विचारले गेले आहे. न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर राहून नुकताच त्यातून बाहेर आलेला पाच वर्षांचा मुलगा रात्री नळ्या ओढतो आणि आईला ओळखत नाही. दुसरी थॅलेसेमियाची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) पंधरा वर्षांची मुलगी असून, तिने शरीरात साठलेले लोह बाहेर काढणारी गोळी घेणे बंद केले आहे. अशा मुलांसाठी नेहमीच्या प्रशिक्षणापलीकडे काय शिकावे, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर – बालमनोविकारतज्ज्ञ, पुणे

आपण दिलेली दोन्ही उदाहरणे बोलकी आहेत, कारण ‘सहकार्य करत नाही’ या एकाच शेऱ्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. माझ्या मते या कामातले पहिले कौशल्य मनाचे नसून शरीराचे आहे. रुग्णालयात दाखल असलेल्या मुलाचे वागणे एकाएकी बदलले, तर शारीरिक कारण तपासून होईपर्यंत त्याला मानसिक म्हणू नये.

त्या मुलाला डिलिरियम, म्हणजे शारीरिक आजारामुळे किंवा औषधांमुळे मेंदूच्या कामात एकाएकी होणारा गोंधळ, असण्याची दाट शक्यता आहे. ताप, ऑक्सिजनची कमतरता, सोडियममधील चढउतार, तुंबलेली लघवी, न सांगता येणारी वेदना आणि दिलेली औषधे ही सर्व कारणे क्रमाने तपासावीत. मिडाझोलामसारख्या गुंगीच्या औषधांनी मूल शांत दिसते, पण त्यांच्यामुळेच डिलिरियम वाढू शकतो. शिवाय अनेक दिवस दिलेले असे औषध अचानक थांबवले, तरीही मूल अस्वस्थ होते. औषधांचा तक्ता स्वतः वाचण्याची सवय म्हणूनच फार मोलाची आहे. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) उपचारांतील डेक्सामेथासोन या स्टेरॉईडने मूल चिडचिडे होते आणि त्याची झोप उडते, फिट्ससाठीच्या लेव्हेटिरासिटामने राग वाढू शकतो, क्षयरोगासाठीच्या सायक्लोसेरीनने भास होऊ शकतात. आपल्या औषधांचीही तीच गोष्ट आहे: उलटीसाठी ऑन्डानसेट्रॉन चालू असताना हॅलोपेरिडॉल द्यायचे झाल्यास ईसीजी पाहूनच द्यावे, कारण दोन्हींमुळे हृदयाची लय बिघडू शकते, आणि लिनेझोलिड हे प्रतिजैविक चालू असताना नैराश्यावरचे फ्लुऑक्सेटीन सुरू करू नये.

मुलीबाबत घाई करू नका. या आजारात साधारण दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्या रक्तातून साठणारे लोह काढणारे औषध रोज, आयुष्यभर घ्यावे लागते. ते न घेतल्यास लोह हृदयात, यकृतात आणि वाढ व पाळी यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या अंतःस्रावी ग्रंथींत साठते; पण त्याचा त्रास आज जाणवत नाही, आणि गोळीने पोटात मळमळते ते मात्र आजच. वर्गातल्या मैत्रिणी उंच झाल्या, त्यांची पाळी सुरू झाली, आपले तसे झाले नाही, हे तिला दिसत असते. घरात कोणी तिच्या लग्नाची चिंता बोलून दाखवत असेल, तर तेही तिच्या कानावर पडतेच. तिला नैराश्य आहे का, मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. परंतु गोळी नाकारणे हा प्रत्येक वेळी विकार नसतो, आयुष्यात जी एकच गोष्ट आपल्या हातात आहे ती हातात ठेवण्याचा तो प्रयत्नही असू शकतो. गोळी कोणत्या वेळी घ्यायची, आठवण कोणी करून द्यायची आणि कोणी नाही, हे तिलाच ठरवू द्या.

लहान मुलांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आपण काही वाईट केले म्हणूनच आजार झाला असे वाटू शकते, आणि ‘ऐकले नाहीस तर डॉक्टर इंजेक्शन देतील’ या घरोघरच्या धमकीने ते पक्के होते. अशा मुलाशी बोलण्यापेक्षा त्याच्याबरोबर खेळावे: बाहुलीला सलाईन लावताना मूल जे सांगते, ते प्रश्न विचारून कळत नाही.

उत्तर – बालरोगतज्ज्ञ, मुलांचा अतिदक्षता विभाग

आमच्या बाजूने थोडी भर घालतो. डिलिरियमचा शांत प्रकार आमच्याकडून निसटतो, कारण गप्प पडून राहिलेले मूल कोणालाच त्रास देत नाही. सिस्टरांनी प्रत्येक पाळीत भरायची डिलिरियम ओळखण्यासाठीची आठ प्रश्नांची कॉर्नेल श्रेणी आहे. तिच्यात नऊ किंवा अधिक गुण आले तर डिलिरियमचा संशय घ्यावा. मात्र आधीपासून मतिमंदत्व असलेल्या मुलात गुण तसेही जास्त येतात, तेव्हा त्याचे एरवीचे वागणे आईकडून समजून घ्यावे. रात्री दिवे मंद ठेवणे, चष्मा किंवा श्रवणयंत्र परत देणे आणि आईला जवळ बसू देणे या सूचना तुम्ही केसपेपरवर लिहिल्यात, तर त्या आमच्याकडून पाळल्या जातात.

एक विनंती आहे. दोन पानांच्या इतिहासापेक्षा ‘आज रात्री काय करावे’ हे चार ओळींत लिहा आणि शक्य असेल तर लिहिण्याआधी समक्ष बोला. मनोविकारतज्ज्ञांना बोलावले जाते, तेव्हा पुष्कळदा मुलाइतकीच आमची टीमही हतबल झालेली असते.

उत्तर – एक आई

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलावर ल्युकेमियाचे उपचार झाले आहेत. मनोविकारतज्ज्ञ येणार हे कळल्यावर मुलाच्या वडिलांनी स्पष्ट नकार दिला होता, कारण आमचा मुलगा वेडा आहे असे कोणी म्हणू नये, हीच भीती होती. त्या डॉक्टरांनी आल्याबरोबर आपण कोण, कोणी बोलावले आणि कशासाठी, हे आधी आम्हाला आणि मग आमच्यादेखत मुलाला सांगितले. स्टेरॉईडच्या दिवसांत येणारा राग औषधाचा आहे आणि तो ओसरेल, हे त्यांच्याकडून ऐकल्यावर घरातले भांडण निम्मे झाले. त्या पुन्हा येईन म्हणाल्या त्या दिवशी आल्या, हेही मला फार महत्त्वाचे वाटते. नवीन डॉक्टरांनी पालकांशी बोलायला वेगळी जागा शोधावी, कारण खाटेशेजारी कुजबुजलेले मुलाला सगळे ऐकू येते.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. त्या मुलीने गोळ्या फेकून देत असल्याचे मला एकटीने सांगितले आणि आईला सांगू नका असे म्हटले. इथे गोपनीयता कुठवर पाळावी?

उत्तर – बालमनोविकारतज्ज्ञ, पुणे

पाळता येईल तेवढेच वचन द्यावे, आणि तेही बोलणे सुरू होण्याआधी. जिवाला धोका असेल किंवा कोणी त्रास देत असेल, तर मला इतरांना सांगावे लागेल, हे पहिल्याच भेटीत साध्या शब्दांत सांगा. लैंगिक अत्याचाराचा संशय आल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणे बंधनकारकच आहे. गोळ्यांची गोष्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळलीच पाहिजे, नाहीतर औषध लागू पडत नाही असे समजून ते मात्रा वाढवतील. पण आईला काय, कसे आणि कोणाच्या तोंडून सांगायचे, हे मुलीबरोबर बसून ठरवता येते. बहुतेक मुलांना डॉक्टर शेजारी असताना स्वतः सांगणे जमते. तिचे बाकीचे बोलणे केसपेपरवर सविस्तर लिहू नका. तो खाटेजवळच असतो आणि भेटीला आलेले नातेवाईक तो वाचतात.