नाव कंपनीनं दिलेलं असतं
कॉल सेंटरची पोरं भारतातनं बोलतात आणि नाव डॅनियल सांगतात ही फसवणूक आहे असं लोक म्हणतात, हे नाही पटलं. माझा चुलतभाऊ कराडचा, पुण्यात अमेरिकन प्रोसेसला, म्हणजे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायच्या कामाला होता, नावात ज्ञ, तो तिकडच्यांना उच्चारता येईना म्हणून ट्रेनिंगमध्ये कंपनीनंच नाव दिलं. न्यूयॉर्कला सकाळचे 9 म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडं संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे रात्रभर शिफ्ट, समोरची म्हातारी रडत असली तरी लिहून दिलेली स्क्रिप्ट सोडायची नाही आणि कॉल किती मिनिटांत संपवला तेही मोजणार. गिऱ्हाईक नावामुळं चिडत नाही ओ, तीच माहिती तीनदा विचारतात आणि फोनवरच्या पोराला पैसे परत करायचा अधिकारच नसतो, म्हणून चिडतं. दिवाळीत घरी आलेला तेव्हा झोपेत "थँक यू फॉर कॉलिंग" पुटपुटत होता, काकू उठून त्याच्या डोक्यावरनं हात फिरवत बसली.