मदत हवी आहे: एकाच डब्यातला निळा, स्प्रेला फिका आणि ब्रशला गडद!

मंडळी, इथे कोणी पेंट लाइनमधलं आहे का? आमचं छोटं युनिट आहे, सिंथेटिक इनॅमल बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे गेट-ग्रिलवाले आणि उसाच्या ट्रॉल्या बांधणारे फॅब्रिकेटर. स्काय ब्लू शेडने दोन महिने झोप उडवली आहे.

ट्रॉली स्प्रेने मारली की शेड कार्डाशी जुळते. मग वेल्डिंगच्या जागी त्याच डब्यातून ब्रशने टच-अप केला की तेवढा पट्टा गडद निळा! फॅब्रिकेटर विचारतो, "डबा बदलला का हो?"

टायटॅनियमचा पांढरा बेस वेगळा दळतो, थॅलो ब्लू या निळ्या पिगमेंटची (रंगभुकटीची) पेस्ट वेगळी. दोन्ही अल्किड रेझिन (रंगाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ) आणि एमटीओमध्ये (पातळ करायचं टर्पेंटाइन), दोन्हींत कण सुटे राहावेत म्हणून पिगमेंटच्या १ टक्का सोया लेसिथिन. वडिलांच्या वेळेपासून हेच माप. दळण किती बारीक ते दाखवणाऱ्या हेगमन गेजवर ७ मिळतो, म्हणजे बारीक, खडा नाही, रेघ नाही. अर्धवट सुकलेल्या पॅनेलवर बोट घासून पाहिलं, तर घासलेली जागा निळी होते.

एका विक्रेत्याने कण सुटे ठेवणारं डिस्पर्सिंग अ‍ॅडिटिव्ह गळ्यात मारलं. तयार ड्रममध्ये अर्धा टक्का टाकून तासभर ढवळलं, फरक शून्य. अ‍ॅडिटिव्ह खोटं की आमचं काही चुकतंय? आणि गेजवर ७ असताना दोष येतोच कसा?

प्रतिसाद १:
थोडं सिलिकॉन टाका, आमचं काम झालं होतं.

प्रतिसाद २:
सिलिकॉनने पृष्ठभागावरचे ठिपके, जाळी जाते. यांची तक्रार ती नाही. उलट सिलिकॉन जास्त झालं तर दुसऱ्या कोटात खड्डे पडतील.

दादा, बोटाच्या चाचणीनेच उत्तर दिलंय. घासल्यावर निळं झालं म्हणजे निळ्याचे कण गुच्छ करून बसलेत, म्हणून रंग फिका दिसतो; घासल्यावर गुच्छ सुटतात. घासल्यावर फिकं झालं असतं तर पांढऱ्यावर संशय घेतला असता. दळताना कण सुटे होतात, पण त्यांना एकमेकांपासून लांब ठेवणारं काही नसेल तर पुन्हा चिकटतात. हे गुच्छ सैल असतात, गेजच्या पट्टीखाली फुटतात, म्हणून ७ दिसतो. ब्रशही तेच करतो. स्प्रेच्या फिल्मला (थराला) मात्र नंतर कोणी हात लावत नाही, तिथे गुच्छ निवांत जमतात.

लेसिथिन वाईट नाही. टायटॅनियमच्या ध्रुवीय पृष्ठभागाला ते धरतं. थॅलो ब्लूला धरायला तशी जागाच फारशी नसते. तिथे अनेक ठिकाणी पकड घेणारं पॉलिमरिक डिस्पर्संट (लांब साखळ्यांचं, कण सुटे ठेवणारं रसायन) लागतं. त्याच्या शेपट्या रेझिनमध्ये पसरून कणांना जवळ येऊ देत नाहीत. विद्राव्यातल्या रंगात भरवसा या शेपट्यांवरच, विद्युतभाराचा उपयोग मुख्यतः पाण्याच्या रंगात.

माप पिगमेंटच्या पृष्ठभागावरून काढा. ढोबळ हिशोब: दर ग्रॅमचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या, ५ ने भागा, पिगमेंटच्या वजनाच्या तेवढे टक्के सक्रिय (निव्वळ) डिस्पर्संट. तुमच्या निळ्याचं ६० धरलं तर १२ टक्के. म्हणजे १० किलो निळ्याला १.२ किलो, आणि माल ५० टक्के सक्रिय असेल तर २.४ किलो. तुम्ही घालताय १०० ग्रॅम लेसिथिन! अर्थात ही सुरुवात. १०, १२, १४ टक्क्यांचे छोटे नमुने करून पाहा. अति झालं तर फिल्म मऊ राहते.

अ‍ॅडिटिव्ह खोटं असेलच असं नाही, पण वेळ चुकली. आधी रेझिन, एमटीओ आणि डिस्पर्संट मिसळायचं, मग पिगमेंट, मग मिलमध्ये दळण. शेवटी टाकलं तर कणावरची जागा रेझिनने आधीच अडवलेली असते.

धागाकर्ता:
ताई, आभार. १०० ग्रॅम वाचून घाम फुटला. तयार ड्रमचं काय करू?

प्रतिसाद २:
वाचवायच्या नादी लागू नका. गडद शेडमध्ये थोडा थोडा जिरवा. आणि नव्या पेस्टमध्ये दळणानंतर घालायचं उरलेलं रेझिन ढवळत, सावकाश सोडा. एकदम ओतलंत तर चांगल्या पेस्टमधले कणही तिथेच पुन्हा गुच्छ करतील.