सूड घेणाऱ्या मुलींच्या कादंबऱ्या किशोरवयात वाचाव्यात का?

शाईचा डाग
हॅना केपिनची 'फाउल इज फेअर' (२०२०) वाचून संपवली. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'च्या कथानकावर बेतलेली आहे. सोळाव्या वाढदिवसाच्या रात्री पार्टीत एका मुलीवर एका श्रीमंती शाळेतली मुलं अत्याचार करतात. ती पोलिसांत जात नाही. नाव आणि अवतार बदलून त्यांच्याच शाळेत दाखल होते आणि मैत्रिणींच्या साथीने एकेकाचा काटा काढायला लागते, तोही त्यांच्यातल्याच एका महत्त्वाकांक्षी मुलाला भरीस घालून.

माझ्या मते अशी पुस्तकं त्या वयाच्या मुलींच्या हाती जरूर पडावीत. एरवी अशा गोष्टीतली मुलगी गप्प होते, मिटून जाते. 'स्पीक' (१९९९) मधली नायिका तर बोलणंच जवळजवळ सोडते. पुस्तक अप्रतिम आहे, वाद नाही. पण संताप नावाची चीजही असते की! आणि इथे मैत्रिणी "तू तिथे गेलीसच कशाला?" असं एकदाही विचारत नाहीत. मला सूडापेक्षा तेच जास्त भावलं.

काटेकोर
साफ असहमत. अशा कादंबरीत गुन्हेगार कोण याची शंकाच नसते, लेखिकेने ते आधीच ठरवून दिलेलं असतं. प्रत्यक्षात चार जणींनी मिळून ठरवलेला दोषी चुकीचा निघाला तर? उलटतपासणी, पुरावा, अपील या कटकटी त्याचसाठी असतात. आणि चौघींचं एकमत झालं की पाचवीने "जरा थांबा" म्हणणंही अवघड होऊन बसतं.

ग्रीक नाटककार युरिपिडीसची 'हेक्युबा' बघा, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं नाटक. मुलाच्या खुन्याला ट्रॉयची पराभूत राणी हेक्युबा गोड बोलून तंबूत बोलावते, तिथल्या बंदिवान बायका मिळून त्याचे डोळे फोडतात. इथपर्यंत वाचक तिच्याच बाजूने असतो. पण त्या त्याची दोन लहान मुलंही मारतात. त्या पोरांचा काय दोष? सूडाची अशी किंमत दाखवायला धमक लागते.

रिकामटेकडा
काटेकोर यांना +१. कार्लस्मिथ, विल्सन आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांचा २००८चा अभ्यास आहे. दगा देणाऱ्याला शिक्षा करायची संधी ज्यांना मिळाली, त्यांना बरं वाटण्याऐवजी उलट जास्त वाईट वाटलं, कारण ती गोष्ट त्यांच्या डोक्यात घोळत राहिली.

शाईचा डाग
@रिकामटेकडा, तो प्रयोग पैशांच्या खेळातला होता. खेळात कुणी आपमतलबीपणा केला, त्याचा राग आणि बलात्काराचा राग एकाच तराजूत घालता?

@काटेकोर, 'हेक्युबा'तली एक गोष्ट तुम्ही सोयीस्करपणे गाळलीत. ती आधी ग्रीक सेनापती अॅगॅमेम्नॉनकडे न्याय मागायला जाते. त्याला तिचं म्हणणं पटतं, पण सैन्य काय म्हणेल या भीतीने तो उघडपणे काही करत नाही. तंबूतला प्रकार त्यानंतरचा. तुमचं अपील-बिपील सगळं मान्य, पण तक्रार ऐकून घेणारा आधी असायला नको का?

काटेकोर
मुद्दा बिनतोड आहे, पण तो तुमच्याच पुस्तकावर उलटतो. हेक्युबाने निदान न्याय मागितला तरी. तुमची नायिका दार ठोठावतच नाही, त्यामुळे दार बंद होतं की नाही हेही वाचकाला कळत नाही. त्यापेक्षा एमी रीडची 'द नोव्हेअर गर्ल्स' (२०१७) घ्या. तिथे एका मुलीच्या तक्रारीवर गावाने आधीच विश्वास ठेवलेला नसतो. मग तिघी जणी निनावी ईमेल पाठवून शाळेतल्या मुली गोळा करतात, मुलांशी शरीरसंबंधांवर बहिष्कार टाकतात. एकही मुडदा न पाडता शाळा हादरते.

उनाड
मी सतरा वर्षांची आहे. इथे सगळे काका-काकू आमच्याबद्दल बोलताय, म्हणून मध्ये पडते. 'मॅकबेथ' वाचून कुणी राजाचा खून करत नाही. आम्हालाही कळतं हो! रागावलेली मुलगी पुस्तकात दिसली की बरं वाटतं, एवढंच. 'नोव्हेअर गर्ल्स' मलाही आवडली, पण कधी कधी शहाण्यासारखं वागणाऱ्या मुलींबद्दल वाचायचा कंटाळा येतो.

काटेकोर
@उनाड, तू नक्कल करशील अशी भीती मला नाही, तेवढा बावळट काका नाही मी. माझी तक्रार आता वाङ्मयीन म्हण हवं तर. नायिकेच्या मैत्रिणी तिच्यासाठी वाट्टेल ते करायला तयार असतात. इतक्या भयंकर कामात कुणाची झोप उडते, कुणाला घरी सांगावंसं वाटतं. मला त्या डळमळणाऱ्या मुलीची कादंबरी वाचायची आहे.

शाईचा डाग
ती मीही वाचेन. पण एक अट: डळमळली म्हणून लेखकाने तिला गद्दार ठरवायचं नाही, आणि उरलेल्या जणींना राक्षसिणीही नाही. अशी कुणाला माहीत असेल तर नाव टाका.