एटीव्ही सुरूच होत नाही: तुमचे अनुभव आणि उपाय इथे लिहा

बरेच महिने उभ्या असलेल्या एका एटीव्हीच्या (कच्च्या रस्त्यावर चालवायची चार चाकी गाडी) सेल्फचं बटण दाबल्यावर नुसतं 'टक' झालं, आणि त्या आवाजाने या विषयावरच्या जुन्या सगळ्या खटपटी आठवल्या. म्हणून हा धागा.

पाना हातात घ्यायच्या आधी कान द्या. सेल्फ फिरतच नाही, सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, आणि पेटून लगेच बंद पडतं, हे तीन वेगळे आजार आहेत. लोक तिन्हींवर एकच औषध करतात: कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलतात. तो सगळ्यात शेवटी खोलायचा.

बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही? किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), मेन फ्यूज, न्यूट्रलचा दिवा पाहा. बऱ्याच एटीव्हींत गिअर पडलेला असेल तर ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि ब्रेक लिव्हरजवळचा छोटा स्विच चिखलाने अडकतो. भराभर टकटक होत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच जड 'टक' आला तर रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच) ओढतोय, पण पुढे करंट पोचत नाही किंवा मोटर जाम आहे.

बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट किंवा जास्त हवी. पण तेवढ्यावर तिला पास करू नका. सेल्फ मारताना मीटर लावून ठेवा, ९.६ च्या खाली गेली तर आधी पूर्ण चार्ज करून परत बघा. तरीही कोसळत असेल तर बॅटरी संपली.

*

बॅटरी चांगली असूनही सेल्फ रडत फिरत असेल तर वायरी तपासा. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी स्टार्टर मोटरच्या बोल्टवर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत कुठेतरी सांधा गंजलाय. मग मायनस टर्मिनल आणि इंजिनचं बॉडी यांच्यात तेच करा, तिथे ०.२ च्या आत हवं. अर्थचा बोल्ट जिथे चेसिसला बसतो तिथला रंग आणि गंज घासून धातू उघडा करा. निम्म्या केसेस इथेच संपतात, खरंच.

*

मुलांच्या छोट्या एटीव्हीला मागे दोरी असते ना, टिथर स्विच. ती टोपी नीट बसलेली नसेल तर ठिणगीच येत नाही. काही मॉडेलना रिमोटचा किल पण असतो. आधी ते बघा मग बाकीचं

*

सेल्फ जोमात फिरतोय पण पेटत नाही, तर प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास: पेट्रोल येतंय, ठिणगी नाही किंवा फ्लड झालंय (पेट्रोल जास्त झालंय). कोरडा: पेट्रोलच पोचत नाही. काळी काजळी: मिश्रण जाड, चोक अडकला किंवा एअर फिल्टर चोंदला.

ठिणगी बघताना प्लगच्या भोकापासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूला प्लगचा आट्यांचा धातूचा भाग घट्ट टेकवा. भोकातून पेट्रोलची वाफ येते, जवळ धरलं तर पेट घेईल. निळी, चटचट आवाजाची ठिणगी हवी. पिवळी-केशरी बारीक असेल तर प्लगची टोपी वायरवरून फिरवून काढा, वायरचं टोक ५ मिमी कापा, परत फिरवून बसवा. बऱ्याच टोप्यांत ५ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो; मीटरवर अनंत दाखवत असेल तर टोपी बदला. यानंतरही काही नाही, तर किल स्विचची वायर सॉकेटमधून सुटी करून बघा. कॉइल आणि सीडीआयवर (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) संशय त्याच्या नंतर.

*

सीडीआय बदलणाऱ्यांसाठी एक: एसी आणि डीसी सीडीआय एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सॉकेट सारखं बसलं म्हणून लावू नका.

*

प्लगचा गॅप किती ठेवायचा? कुठे ०.७ वाचतो कुठे ०.९

*

^ मॅन्युअलमध्ये असेल तेवढाच. एनजीकेच्या प्लगवर नंबरच्या शेवटी -९ असेल तर ०.९ मिमी, काही नसेल तर त्या मॉडेलचा वेगळा तपासा. आणि प्लग हाताने पूर्ण फिरवून मगच पाना लावा, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की खर्चाचं काम आहे.

*

आता पेट्रोल. उभ्या गाडीत जुनं पेट्रोल वार्निशसारखं सुकून पायलट जेट (कार्ब्युरेटरमधलं कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बंद करतं. ते भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं, म्हणून थोडाही कचरा पुरतो. लक्षण: चोकवर पेटतं, चोक काढला की मरतं. खात्री करायला प्लगच्या भोकात चमचाभराच्या चौथ्या हिश्श्याएवढं पेट्रोल टाका, प्लग लावा, सेल्फ मारा. दोन सेकंद चालून बंद पडलं तर ठिणगी आणि दम (कॉम्प्रेशन) दोन्ही ठीक, दोष पेट्रोलच्या वाटेत.

त्या वाटेवर क्रमाने: टाकीचं झाकण उघडून सुरू करून बघा, कारण हवेचं भोक बंद असलं की पेट्रोल उतरत नाही. मग फ्लोट बाऊलच्या (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) खालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत काढा. पाणी असेल तर खाली वेगळा थर बसतो. धारच येत नसेल तर कॉक, गाळणी किंवा फ्लोटची सुई. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कॉकचा पडदा फाटला असेल तर पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीतून थेट इंजिनात जातं. ती नळी ओली दिसली तर इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येतोय का हे बघायचंच, आणि येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय फिरवायचं नाही.

जेट तारेने खरवडू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा.

*

फ्लड झालेलं असेल तर चोक काढून, रेस पूर्ण उघडी, पाच सेकंद सेल्फ. परत करायचं तर अर्धा मिनिट थांबून, मोटर तापते.

*

इंजेक्शनवाल्यांनी (कार्ब्युरेटर नसलेल्या गाड्या) चावी फिरवून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण येते का ऐकावं. आली नाही तर फ्यूज, पंपाचा रिले, सॉकेट. गाडी उलटली असेल तर टिप-ओव्हर सेन्सर इंजिन बंद ठेवतो. सरळ उभी करून चावी बंद-चालू करा. आणि बॅटरी कमजोर असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वेडीवाकडी वागते, कोड वाचायच्या आधी चार्ज.

*

धक्का मारून सुरू होईल का ही? मदत करा, डोंगराच्या पायथ्याशी अडकलेली आहे

*

बेल्टवाली म्हणजे सीव्हीटी असेल तर नाही. इंजिन बंद असताना चाक आणि इंजिन यांच्यात पकडच नसते. पुल कॉर्ड असेल तर ती ओढा, नाहीतर कारच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून जंपर लावा, कारचं इंजिन बंद ठेवून. शेवटची काळी क्लिप एटीव्हीच्या इंजिनच्या धातूवर, बॅटरीवर नाही. काळजी घ्या, उजेड असेपर्यंत काम उरका.

*

कोणी नदी-ओढ्याचं लिहिलं नाही अजून. पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. एअरबॉक्सचा ड्रेन उघडा, प्लग काढा, मग हळू फिरवून पाणी बाहेर फेकू द्या. ऑइल दुधाळ दिसलं तर बदला, थोडा वेळ चालवून परत बदला. बहुतेक वेळा दोनदा पुरत नाही.

*

सगळं ठीक, तरी थंडीत उचलत नाही? टॅपेट (व्हॉल्व्हची फट) गच्च झालेत. व्हॉल्व्ह बसक्यात झिजला की गॅप कमी होतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दम जातो. इंजिन थंड असताना, फ्लायव्हीलची टी खूण जुळवून, दोन्ही रॉकर सैल लागतील अशा स्ट्रोकवर फीलर गेज लावा. कॉम्प्रेशन मोजताना रेस पूर्ण उघडी ठेवा. बऱ्याच एटीव्हींत ऑटो डीकॉम्प्रेसर (सेल्फ मारताना थोडा दाब सोडणारा भाग) असतो, त्यामुळे आकडा मुळातच कमी येतो. त्या आकड्यावरून पिस्टन काढू नका, लीक-डाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) करा: हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बमधून तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून तर रिंगा.

*

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं असतं कधी कधी, आत हात घालण्याआधी टॉर्चने बघा. वायरी कुरतडलेल्या असतील तर सीटखालचा हार्नेसही उलगडून पाहायला लागतो.

*

पायथ्यावरून: अर्थचा बोल्ट सैल होता. घट्ट केला, सुरू झाली. आता फिल्टर कोणत्या ऑइलमध्ये भिजवता ते पण लिहा, फोमचा आहे