चार डिस्क टिकल्या म्हणून कंपनी चांगली ठरते का?

डेटापाल (धागाकर्ता)
"अमुक कंपनीची वर्षात गेली, तमुकची पाच वर्षं चालतेय" एवढ्यावर लोक हार्ड डिस्क सुचवतात. हे थांबायला हवं. हिशोब करून बघा. एखाद्या मॉडेलच्या शंभरात दीड डिस्क दरवर्षी जातात असं धरा. चार डिस्क पाच वर्षं वापरल्यावर एकही न जाण्याची शक्यता ७४ टक्के. आता मॉडेल खरंच वाईट, वर्षाला शंभरात पाच जाणारं. तरी ३६ टक्के लोकांच्या चारही डिस्क धडधाकट राहतात, आणि ते छातीठोकपणे "हीच घ्या" म्हणतात!

बॅकब्लेझ ही ऑनलाइन बॅकअपची कंपनी आपल्या डेटा सेंटरमधल्या डिस्कचे आकडे मॉडेलवार जाहीर करते. २०२४मध्ये वर्षभरात डिस्क जाण्याची सरासरी १.५७ टक्के. तिथेच सीगेटचं ३ टीबीचं एक मॉडेल भरमसाट मेलं, ४ टीबीचं त्याहून कितीतरी बरं निघालं. म्हणजे नुसतं कंपनीचं नाव बघून काही कळत नाही.

बेंचवाला
साफ असहमत. त्या डिस्क साडेतीन इंची, रॅकमध्ये पक्क्या बसवलेल्या, गार हवेत चोवीस तास फिरणाऱ्या. घरोघरी असते ती अडीच इंची पोर्टेबल. चालू असताना टेबलावरून पडली की हेड (वाचणारं टोक) प्लॅटरवर (फिरणाऱ्या तबकडीवर) घासतं. बऱ्याच मॉडेलांत यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावर असतं. ते उखडलं तर साटा केबल (डिस्क थेट संगणकाला जोडणारी) लावायची सोयच नसते, बोर्डावर वायरी सोल्डर कराव्या लागतात. हे दुरुस्तीच्या टेबलावरच कळतं.

डेटापाल
कशाने जाते हे टेबल सांगतं, मान्य. किती जातात हे नाही, कारण तिथे गेलेल्याच येतात. जिचा खप जास्त, तिच्याच जास्त येणार.

सेक्टर१९७
विकत घेतल्यावर काय, तेही बोला की. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते, त्यांना स्मार्ट म्हणतात. त्या दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ५, १८७, १९७, १९८ या ओळींचे (खराब जागा आणि न सुधारलेल्या चुका मोजणाऱ्या) रॉ म्हणजे मूळ आकडे दर महिन्याला टिपा. ते मुळात हेक्समध्ये (षोडशमान पद्धतीत) दिसतात, सेटिंगमधून दशमान करून घ्या. १९९ (केबलवरून डेटा जाताना होणाऱ्या चुका) वाढत असेल तर डिस्कच्या आधी केबल बदला. सीगेटमध्ये १ आणि ७ चे (वाचण्यातल्या आणि हेड सरकण्यातल्या चुकांचे) आकडे अवाढव्य असतात, ते नेहमीचंच. त्यावरून डिस्क खराब म्हणू नका.

बेंचवाला
स्मार्टवरही फार भिस्त नको. गूगलच्या २००७च्या अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या चारही मुख्य खुणा शून्य होत्या.

सेक्टर१९७
त्याच अभ्यासात हेही आहे: पहिली स्कॅन एरर (डिस्कचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट. आकडा शून्य असला तर निर्धास्त राहू नका, पण वाढला तर लगेच हला.

बेंचवाला
हे मात्र पटलं. फक्त १९७ वाढलेला दिसल्यावर लोक आधी चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) चालवतात, ते करू नका. मरणाऱ्या डिस्कवर तो आणखी ताण देतो, वर लिहितोही. आधी डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा, मॅप फाइल (कुठवर प्रत झाली याची नोंद) देऊन, म्हणजे मध्येच थांबलं तरी पुढून सुरू करता येतं. आणि टकटक आवाज येत असेल तर तेही नको, सरळ वीज तोडा.