शिपिंगचा डेटा पोस्टग्रेसमध्ये आणताना ऑर्डरी गळताहेत

रात्रपाळी:
शिपिंग प्लॅटफॉर्मवरच्या ऑर्डरी, शिपमेंट आणि लेबलचा खर्च माझ्याकडच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये उतरवून ठेवायचाय. खातं उद्या बंद पडलं तरी हिशोब हाताशी हवा, एवढंच. पायथनची छोटी स्क्रिप्ट आहे: बदलाच्या वेळेनुसार चढता क्रम, पानाला 100 ऑर्डरी. रात्री चालवली की आकडे जुळतात, दिवसा चालवली की दोन-चार कमी. एररही नाही! शिवाय आधी सीएसव्ही फाइलीतून (साध्या मजकुरातला तक्ता) भरलेले ट्रॅकिंग नंबर एपीआयच्या, म्हणजे स्क्रिप्ट प्लॅटफॉर्मकडून थेट डेटा मागते त्या सोयीच्या, नंबरांशी जुळत नाहीत. डोकं चालेनासं झालंय.

जुना_डीबीए:
दिवसाच गळतात, यातच उत्तर आलं. तुम्ही दुसरं पान मागेपर्यंत पहिल्या पानावरची एखादी ऑर्डर कोणीतरी बदलतं. ती यादीच्या शेवटी जाते आणि बाकीच्या एकेक जागा वर सरकतात. 101वी झाली 100वी, आणि ते पान तर तुम्ही वाचून मोकळे झालात.

पान क्रमांक सोडा. हाती आलेल्या शेवटच्या ऑर्डरची बदल-वेळ धरून पुढचं मागा. नवी फेरी सुरू करताना दहा मिनिटं मागे जा. काही ऑर्डरी दुबार येतील, येऊ द्या. ऑर्डर आयडी युनिक ठेवून ‘इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ लावलं की झालं: तोच आयडी पुन्हा आला तर नवी ओळ न पडता जुनीच बदलते. पोस्टग्रेस 9.5 पासूनची सोय आहे.

सीएसव्ही मधल्या काळात एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली होती का?

रात्रपाळी:
हो. एक कॉलम काढून टाकायला. 😐

जुना_डीबीए:
मग ते नंबर गेले. एक्सेल 15 अंकांपुढचं धरत नाही. 22 अंकी नंबरचं 9.40011E+21 होऊन बसतं. एपीआयवरून पुन्हा आणा आणि कॉलम टेक्स्ट ठेवा. अमेरिकेतले झिपकोडही टेक्स्टच, सुरुवातीचं शून्य उडतं.

कच्चा_माल:
माझी भर: एपीआयकडून आलेला जेसन (डेटाचा कच्चा मजकूर) जसाच्या तसा एका जेसनबी कॉलममध्ये (पोस्टग्रेसचा जेसन ठेवायचा प्रकार) टाका, टेबलं त्यातून काढा. मी ते केलं नव्हतं. विम्याची रक्कम नंतर हवी झाली, तेव्हा सगळ्या ऑर्डरी पुन्हा ओढाव्या लागल्या आणि निम्मा वेळ 429 (‘फार मागण्या झाल्या, थांबा’ ही एरर) खाण्यात गेला. आणि लेबलची पीडीएफ वेगळी उतरवा, नुसती लिंक म्हणजे बॅकअप नव्हे.

रात्रपाळी:
आज भरदुपारी चालवली. प्लॅटफॉर्मपेक्षा माझ्याकडे तीन जास्त! शोधलं तर त्या तिकडे डिलीट झालेल्या निघाल्या. आता ‘तिकडे नाही’ असा एक कॉलम घालतोय, ओळी मात्र पुसणार नाही.