मदत हवी आहे: माथेरानच्या घोड्यांसाठी पाय न अडकणारी रिकीब

नमस्कार मंडळी,

कर्जतला माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, शेड ही रोजची कामं. माझे मेव्हणे माथेरानला घोडे चालवतात. त्यांच्या खोगिरांसाठी मला रिकिबींची (स्वाराने पाय ठेवायच्या, खोगिराला लटकणाऱ्या कड्यांची) नवी जोडी बनवायची आहे आणि डिझाइनच्या दोन-तीन मुद्द्यांवर घोडं अडलंय. इथे घोडेस्वारी केलेले, चामड्याचं काम जाणणारे, मेकॅनिकलवाले सगळेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माथेरानात मोटारगाड्यांना बंदी आहे. दस्तुरी नाक्याला गाडी लावली की बाजारपेठेपर्यंतचं अडीच-तीन किलोमीटर अंतर कुणी पायी जातं, कुणी मिनी ट्रेनने, कुणी घोड्यावर. घोड्यावर बसणारी बहुतेक माणसं पहिल्यांदाच बसत असतात. पायात सँडल, फ्लोटर, स्पोर्ट्स शूज, क्वचित साधी चप्पल. टाचेचा बूट जवळजवळ कुणाच्याच पायात नसतो.

सगळी गोम इथेच आहे. आज सगळीकडे मिळणारी लोखंडी रिकीब बूट गृहीत धरून बनलेली आहे. बुटाची टाच मागे अडते, त्यामुळे पाऊल आरपार जात नाही. तळ कडक आणि गुळगुळीत, त्यामुळे पडताना पाय सुटतो. सँडलचं सगळं उलट. टाच नाही म्हणून पाऊल घोट्यापर्यंत आत घुसतं, आणि वरच्या पट्ट्या, बक्कल, वेल्क्रो दांडीला अडकतात. माणूस पडला आणि पाय अडकलेलाच राहिला, तर घोडा बिचकून पळतो आणि माणूस फरफटत जातो. नुसतं पडून हात-पाय मोडेल, पण फरफटण्यात डोकं दगडावर आपटतं. ही भीती मेव्हण्यांना रोज असते. त्यात पेव्हर ब्लॉकवर पावसात घोड्याची नाल सटकते, ते वेगळंच.

रिकीब आजवर पायाप्रमाणे बदलत आलेली आहे. आपल्याकडे प्राचीन काळी अनवाणी स्वारासाठी नुसत्या अंगठ्यापुरती कडी होती. चीनमध्ये बूट घातलेलं पाऊल मावेल अशी रिकीब आली. फंग सूफू नावाच्या सरदाराच्या ४१५ सालच्या थडग्यात तशी जोडीच सापडली आहे. मग सँडलवाल्या पर्यटकासाठी वेगळा आकार का असू नये?

आता माझा खरा पेच. पुस्तकी नियम सांगतो की रिकीब बुटाच्या तळव्यापेक्षा साधारण एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर रुंद असावी. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मोकळा. मेव्हण्यांकडे आहेत त्या १२ सेंटिमीटरच्या. सकाळी त्याच रिकिबीत सहा वर्षांच्या पोराचं पाऊल असतं, ते आख्खं पलीकडे जातं. दुपारी नव्वद किलोचे गृहस्थ जाड तळाचे शूज घालून येतात, त्यांचा पाय पाचरीसारखा घट्ट बसतो. दर गिऱ्हाइकाला रिकीब बदलणं घोडेवाल्याला शक्य नाही. गर्दीच्या दिवशी उतरलेला माणूस बाजूला होतो न होतो तोच दुसरा चढतो.

लहान मुलांचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय. वादीला (रिकीब जिला लटकते त्या चामडी पट्ट्याला) सगळ्यात वरचं भोक लावलं तरी पोराचा पाय रिकिबीपर्यंत पोहोचत नाही. मग घोडेवाला वादीच्या दोन पदरांच्या मधे, बक्कलच्या खाली, पाय खोवतो. पोर खूश, आईबाप फोटो काढतात. पण तो चामड्याचा फासच असतो. वजन पडलं की दोन्ही पदर एकमेकांवर आवळले जातात आणि पाऊल सुटायला जागाच उरत नाही. म्हणून नुसती रिकीब बदलून भागणार नाही, वादीलाही वरपर्यंत भोकं हवीत, हे मी धरून चाललोय.

माझ्या डोक्यातलं डिझाइन असं: १२ मिलिमीटरच्या स्टेनलेस सळईचा सांगाडा. पुढच्या बाजूला पिंजऱ्यासारखी जाळी, म्हणजे पाऊल चवड्याच्या पुढे जाणारच नाही. बाहेरची दांडी खाली बिजागरीवर, वर स्प्रिंगच्या खटक्यात. पायाने बाहेर ढकललं की दांडी उघडावी. पायपट्टी थोडी रुंद, वर रबर. वादी ओवायचा वरचा डोळा काटकोनात वळवलेला, म्हणजे रिकीब आपोआप पुढे तोंड करून राहील आणि नवख्या माणसाला पाय घालताना ती फिरवावी लागणार नाही.

माझे प्रश्न:

खटका किती जोराने उघडावा? सैल ठेवला तर चढताना सगळा भार एका रिकिबीवर येतो तेव्हाच उघडेल, घट्ट ठेवला तर हवा तेव्हा उघडणार नाही. बर्फावरच्या स्कीच्या बाइंडिंगला वजन, उंची, वय पाहून सेटिंग करतात. इथे तशी सोय नाही, एकच सेटिंग सगळ्यांना चालायला हवं.

स्प्रिंग माथेरानच्या लाल मातीत आणि पावसाळ्यात टिकेल का? की स्प्रिंगच नको, दुसरं काही सुचवाल?

रिकीब वजनाने जड बरी की हलकी? ॲल्युमिनियमही परवडतं मला.

पैशांचा प्रश्न नाही, मजुरी मी घेणार नाही. पण जे बनेल ते डोंगरावर साध्या पान्याने दुरुस्त झालं पाहिजे.

प्रतिसाद १

दादा, एनसीसीच्या अश्वपथकात होतो, पुढे काही वर्षं रायडिंग शिकवलं. त्या अनुभवावरून सांगतो.

बाहेरच्या बाजूला रबराची रिंग असलेली रिकीब तुम्हाला नेटवर दिसेल. त्या वाटेला जाऊ नका. मुलांसाठी ती बरी, पण मोठ्या माणसाचा भार एकाच दांडीवर येतो आणि पायपट्टी हळूहळू खाली वाकते. रबर उन्हात तडकतं, आणि तुटलेली रिंग दिवसभर कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यापेक्षा बाहेरची दांडी पुढच्या बाजूला कमानीसारखी वाकवलेली रिकीब बघा. पडताना पाऊल फिरतं आणि त्या फुगीर जागेतून निसटतं. हलणारा एकही भाग नाही, खटका नाही, स्प्रिंग नाही. मात्र डावी-उजवी अदलाबदल झाली तर फायदा शून्य, म्हणून आतल्या दांडीला ठळक रंग मारा.

वजन ठेवाच. जड रिकीब सुटलेल्या पायावरून खाली पडते, हलकी पायाबरोबर लोंबत राहते. ॲल्युमिनियम नको.

आणि सगळ्यात आधी खोगीर तपासा. इंग्लिश खोगिराला वादी एका पोलादी दांड्यावर लटकते. त्या दांड्याचं मागचं टोक उघडं असतं, किंवा त्याला छोटी, वर मिटणारी घडी असते. माणूस मागे ओढला गेला की वादी त्यातून सरकून सुटते. ती घडी कायम उघडी ठेवायची असते. आपल्याकडच्या साध्या खोगिरांना बऱ्याचदा वादी कडीत ओवून रिव्हेट मारलेली असते. तिथे काहीही झालं तरी वादी सुटत नाही. दोन पदरांत अडकलेलं पोराचं पाऊलसुद्धा या उघड्या दांड्यामुळे खोगिरापासून वेगळं होईल. नवी रिकीब कोणतीही करा, आधी हे बदला.

प्रतिसाद २

मेकॅनिकलवाला आहे, घोड्यातलं कळत नाही, खटक्याबद्दल बोलतो.

दांडीला खालून ओढ बसते ती तिच्या लांबीच्या दिशेने. बिजागरी आणि खटका त्या ओढीच्या रेषेत आणलेत तर वजनाने खटका उघडणार नाही, फक्त आडव्या जोराने उघडेल. म्हणजे चढतानाची तुमची काळजी मिटते. पण खरी गडबड दुसरीकडे आहे. वजनाने सांगाडा किंचित वाकला की खटका जाम होतो. म्हणून चाचणी भाराखालीच करा. लाकडी घोडीवर खोगीर ठेवा, पायपट्टीला शंभर किलो टांगा आणि दांडीला स्प्रिंगचा तराजूकाटा लावून बाजूला ओढा. किती किलोला उघडते ते लिहून ठेवा. मग तीच चाचणी भाराशिवाय, आणि शेवटी चिखलात बुडवून वाळवल्यावर. तिन्ही आकड्यांत फार फरक असेल तर तो खटका वापरू नका. गुंडाळीच्या स्प्रिंगपेक्षा पातीची स्प्रिंग घ्या, माती झटकता येते.

वेल्डिंग बिजागरीच्या अगदी जवळ नको. तिथेच भेग जाते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार.

मेव्हण्यांना फोन करून खोगीर बघायला सांगितलं. त्यांच्या सगळ्या खोगिरांना वादी कडीत ओवून रिव्हेटच मारलेली आहे. म्हणजे पहिलं काम तेच. उघड्या टोकाचा दांडा मी बनवतो, पण तो खोगिराच्या लाकडी सांगाड्याला बसवायचा की चामड्याला, हे कळत नाही. खोगीर शिवणारा चांगला कारागीर रायगड किंवा पुणे भागात कुणाला माहीत आहे का? कानपूरचं खोगीरकाम नावाजलेलं आहे, पण माल तिकडे पाठवला तर घोडे तेवढे दिवस बसून राहतील.

वाकवलेल्या दांडीचा विचार पटला. खटका सोडून देतो, पुढची जाळी ठेवतो. आता शंका एवढीच की जाळी त्या कमानीच्या वाटेत येईल. पाऊल फिरून बाहेर पडताना चवडा जाळीतच अडकला तर? जाळी फक्त आतल्या दांडीला आणि पायपट्टीला जोडून बाहेरची बाजू मोकळी सोडली तर चालेल का? मेव्हणे म्हणतात, जाळी पत्र्याची नको, वाजली की घोडी बुजते, चामड्याची कर. चामडं पावसात मऊ पडून पाऊल दाबणार नाही, याची खात्री कशी करायची?

रविवारी पुठ्ठ्याचा साचा करून त्यात घरातली सगळी सँडलं घालून बघणार आहे. मापं इथेच टाकतो.